अर्ध्या दिवसाचं काम

गुरुवार, ५ मार्च

अहो,

नमस्कार. तुमचं पत्र परवा पोचलं. इथे सगळे मजेत. धाकट्या नातीला दोन दात आलेत, थोरली शाळेतून रोज एक नवं भांडण घेऊन येते, लेक आणि जावई सकाळी साडेआठला दिसतात ते पुन्हा थेट दिवेलागणीला. माझा गुडघा होता तसाच आहे. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण तुम्ही त्याबद्दल कधी लिहीतच नाही.

आणि काय हो ते पत्र! तपासणीच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूला, आकडे घालून. "१. एकतीस तारखेला निवृत्त होत आहे. २. त्याआधी शेवटची फेरी. तेच गाव, तेच हॉटेल, १६ ते २०. ३. खोली दोघांची घेतली आहे. ४. सोयीचे असल्यास यावे." यावे! बायकोला लिहीत होतात की लिफ्टच्या कंपनीला? खाली सही, सहीखाली तारीख. शिक्का मारायचा तेवढा राहिला.

जावयांनीही वाचलं. लपवून ठेवावं असं होतं काय त्यात! म्हणाले, "बाबांनी चार मुद्दे मांडलेत, तुम्हीही चार मुद्द्यांत उत्तर देऊन टाका." लेक मात्र हसली नाही. ती हल्ली आपल्या दोघांच्या विषयावर हसत नाही.

फोनवर बोलली असतीस तर, असं म्हणाल. तुमच्याशी फोनवर काय बोलायचं? तुमच्या एका हातात पाना. "हं, हं, बोल, ऐकतोय," आणि मधेच दुसऱ्याच कुणाला तरी, "जरा वर घे, अजून वर." मी इकडे वर घेऊ की खाली, काही कळत नाही. कागदाचं बरं असतं, तो मधेच "एक मिनिट हं" म्हणत नाही.

तर उत्तर असं की जमायचं नाही. धाकटी माझ्याशिवाय झोपत नाही. थोरलीला शाळेतून आणायला कुणी नाही. दुपारी गॅस दुरुस्त करायला माणूस येणार येणार म्हणून तीन आठवडे झाले, तो नेमका त्याच दिवशी उगवेल. आणि गुडघा आहेच. बाळंतपणासाठी म्हणून महिनाभराकरता आले होते, आता पाच महिने होतील. या घराला माझी सवय झाली आहे. सवय मोडायला पाच दिवससुद्धा पुष्कळ होतात.

शिवाय गेल्या वर्षी आले होते की तुमच्याबरोबर. लग्नाला तीस वर्षं झाली. गावोगाव लिफ्टा तपासत हिंडलात आणि मला एवढं एकदाच नेलंत. "निम्मं काम, निम्मी मजा," असं म्हणाला होतात. सोमवार, मंगळवार काम, बुधवारपासून तळं, होडी, बाग, टेकडीवरचं ते संग्रहालय. मी किती खूश होते तुम्हाला माहीत नाही. एकच बॅग भरली होती. माझ्या ठेवणीतल्या कपड्यांखाली तुमचे बूट, तेलाची फडकी, आणि माझ्या पावडरच्या डब्याशेजारी तुमचा टॉर्च. सगळ्या कपड्यांना ग्रीसचा वास लागला. मी तेव्हा काही बोलले नव्हते. चांगला वाटला होता तो वास.

हॉटेलात पोचलो तर खोली सहाव्या मजल्यावर, आणि तुम्ही लिफ्टसमोर उभे राहून आतल्या सर्टिफिकेटवरची तारीख वाचलीत. "मुदत संपून अकरा दिवस झालेत. यात मी तुला चढू देणार नाही." लोक लिफ्टने सुळकन वर गेले आणि आपण सहा मजले जिन्याने! तिसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसले तर म्हणालात, "जीव महत्त्वाचा." माझा गुडघा माझ्या जिवात धरत नसावेत तुम्ही.

दोन दिवस मी खिडकीत बसून तळं पाहिलं. संध्याकाळी तुम्ही काळे हात घेऊन यायचात आणि इस्पितळातल्या लिफ्टच्या ब्रेकबद्दल सांगायचात. मंगळवारी जेवताना म्हणालात, "उद्यापासून मी तुझा. अकराची होडी." मी ते वाक्य जपून ठेवलंय.

बुधवारचं मी काय लिहू? त्याची माफी तुम्ही आजवर इतक्यांदा मागितलीत की आता ऐकतानासुद्धा मला दमायला होतं. मी तयार होईपर्यंत "पाच मिनिटांत आलो" म्हणून तुम्ही गच्चीवर हॉटेलच्या लिफ्टची मशिनरी बघायला गेलात. तिथे विजेचा मुख्य खटका पाडलात. आणि मी त्याच वेळी, म्हटलं एवढे दोन दिवस सगळं गाव चढतंय-उतरतंय, आपणही एकदा, म्हणून लिफ्टमध्ये शिरले होते. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे चाळीस मिनिटं अडकले. झालं. माणसाच्या हातून चूक होते. मी त्यासाठी रागावलेली नाही. लेकीला विचारा, मी तिलाही हेच सांगितलं.

तेव्हा पाच नंबरचा मुद्दा घालायचा झाला तर, "लिफ्टमध्ये कोंडल्याबद्दल दिलगीर आहे," हे आता कुठल्याही पत्रात लिहू नका.

कुंड्यांना पाणी घालता का? गॅलरीतली मोठी कुंडी एक दिवस वाळली तरी मान टाकते. दुधाचं पातेलं करपलं असेल तर रात्रभर भिजवा, तारेनं खरवडू नका. हिवाळी पांघरुणं वरच्या कपाटात उजवीकडे आहेत. मी नसले तरी वस्तू जागच्या जागीच आहेत, नुसतं बघावं लागतं.

काळजी घ्या.

तुमची,
सध्या मुक्काम लेकीकडे

* * *

बुधवार, ११ मार्च

अहो,

तुमचं पाकीट काल दुपारी आलं. हाताला जाड लागलं, म्हणून मला वाटलं की पत्र चांगलं चार पानी आहे. उघडलं तर तुमच्या तपासणीच्या वहीचं एक पान. मुळापासून फाडलेलं.

तुम्ही वहीचं पान फाडलंत! आपली लेक पाच वर्षांची असताना तिनं होडी करायला एक पान फाडलं होतं तेव्हा तुम्ही दोन दिवस घरात कुणाशी बोलला नव्हतात. मी ते पान हातात धरून मोरीच्या कट्ट्यावर बसले. धाकटी रडत होती, तिला रडू दिलं.

त्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, "बुधवार. १०.२०. हॉटेल. खटका बंद. बॅटरीवर बेल तपासली. चालू." आणि खाली वेगळ्या शाईनं, आत्ता लिहिलेलं, "मी ती बेल ऐकली होती. मला वाटलं, मॅनेजर खालून वाजवून बघतायत. मी त्यांना तसं सांगून आलो होतो. ती तू होतीस. वर्षभर सांगायचं धाडस झालं नाही. मग तू कशासाठी रागावलीस, तेवढं कळव."

आकडे नाहीत. सहीसुद्धा विसरलात.

आता माझी पाळी. लेक थोरलीला घेऊन बाहेर गेली आहे, धाकटी झोपली आहे, तेव्हा लिहून टाकते. उद्या धीर होईल न होईल.

तुम्ही बेल ऐकलीत हे मला माहीत होतं. पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

मशीनच्या खोलीच्या जमिनीला दोर खाली सोडायला भोकं असतात, हे तुम्हीच मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतंत. (नव्या नवरीला सांगायला दुसरं काही नव्हतं तुमच्याकडे!) त्या भोकांतून मला सगळं ऐकू येत होतं. लिफ्ट हिसका देऊन थांबली, पंखा बंद झाला, वर तो इवलासा दिवा लागला. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. मग भिंतीवरचं लाल बटण दिसलं, ते दाबलं. आणि वरून तुमचा आवाज आला, "वा! बेल ठणठणीत आहे. लिहून घेतो."

अशी तळपायाची आग मस्तकात गेली! पुन्हा दाबलं, चांगलं लांब. तर तुम्ही वरून ओरडलात, "पुरे, पुरे! कळलं!" आणि हसलात.

अहो, तुम्ही तिथे हसत होतात. हॉटेलचे ते टकले मिस्त्री (मला खिडकीतून दिसायचे) तुमच्याबरोबर होते, तेही हसत होते. मी पंचवीस वर्षं टेलिफोनवर बसले. कानाला यंत्र लावून दिवसाला पाच-सहाशे आवाज ऐकायची. माणूस नाव सांगायच्या आधी त्याच्या "हॅलो"वरून मला कळायचं, भुकेला आहे का, बायकोशी भांडून आलाय का, खोटं बोलणार आहे का. आवाजाच्या बाबतीत मला कुणी बनवू शकत नाही. आणि तुमचा तो आवाज मी ओळखला नाही. क्षणभर मला वाटलं, तिसरंच कुणी तरी आहे तिथे.

मी तिसऱ्यांदा बोट बटणावर ठेवलं, आणि मिस्त्रींनी तुम्हाला विचारलं, "साहेब, सुट्टीवर आहात ना? मग कशाला हात काळे करून घेताय?"

तुम्ही म्हणालात, "अहो मिस्त्री, आयुष्यात एकदाच मी कामाच्या नावाखाली मजा मारली, त्याची फेड चाललीय."

पुढचं मी शब्दन् शब्द सांगू शकते. विमा कंपनीची इमारत. काम होतं अर्ध्या दिवसाचं. तुम्ही तरणेताठे, नुकते नोकरीला लागलेले. दुपारी दोनच्या आत सगळं तपासून झालं, सर्टिफिकेट लिहून खिशात घातलंत. आणि जाता जाता चौथ्या मजल्यावर दार उघडलं, तर समोरच्या कोपऱ्यात टेलिफोनच्या खोक्यापुढे एक मुलगी. "मिस्त्री, ती बोलत होती ते ऐकून मी दार लावायचं विसरलो." मग तुम्ही खिशातलं सर्टिफिकेट खिशातच ठेवलंत, आणि मॅनेजरना जाऊन सांगितलंत की मशीनच्या शाफ्टला बारीक तडा दिसतोय, नीट बघावं लागेल. तीन दिवस! तीन दिवस लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडवून, दार सताड उघडं टाकून, तुम्ही त्या धडधाकट लिफ्टला तेल घालत बसलात.

मिस्त्री म्हणाले, "आणि बाईसाहेबांना?"

"छे हो! तिला आजवर सांगितलेलं नाही. तपासनीस ना मी! काय इज्जत राहील माझी?" आणि पुन्हा ते हसणं. ते ऐकून मला असं झालं की हा माणूस कोण आहे, आणि हा इतकी वर्षं होता कुठे?

अहो, त्या तीन दिवसांत मी चार-चार मजले जिने चढले होते! आमच्या साहेबीणबाईंचा पाय मुरगळला होता! मी लग्नात सगळ्या मैत्रिणींना सांगत होते की यांनी आमची लिफ्ट दुरुस्त केली, मोठा तडा गेला होता, सगळ्यांचा जीव वाचवला. तीस वर्षं सांगतेय. आपल्या लेकीला तर ती गोष्ट तोंडपाठ आहे.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी बेल दाबायची थांबले, कारण मला भीती वाटली की आता वाजवली तर तुम्ही बोलायचे थांबाल. ठेवणीतले कपडे घालून मी लिफ्टच्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि वर तोंड करून ऐकत राहिले. त्या मुलीबद्दल तुम्ही बोलत होतात. तिच्या वेणीबद्दल, ती "जोडून देते हं" कसं म्हणायची त्याबद्दल. तुम्ही तिची नक्कल केलीत. हुबेहूब केलीत. एवढ्या वर्षांनी तो "हं" तुमच्या लक्षात होता. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं, आणि मी तोंडावर पदर दाबून धरला होता, ऐकू जाऊ नये म्हणून.

तेव्हा हिशेब असा आहे. चाळीस मिनिटांतली पहिली दहा तुमची चूक. पुढची तीस माझी.

मग वीज आली. लिफ्ट वर सरकली, सहाव्यावर दार उघडलं. तुम्ही जिन्यानं खाली येत होतात, फडक्यानं हात पुसत. मला पाहिलंत आणि तुमचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, तू आत होतीस?" आणि लगेच तो आवाज, घरातला, सपाट. "चूक झाली. आधी रिकामी आहे का पाहायला हवं होतं. लागलं नाही ना? चल, होडी चुकेल."

तुम्ही हाताखालच्या माणसांना काय शिकवता ते मला पाठ आहे. खटका पाडायच्या आधी केबिन रिकामी आहे की नाही ते डोळ्यांनी बघायचं, मगच हात लावायचा. कामावर असतात तर तुम्ही बघितलंच असतंत. तुम्ही सुट्टीवर होतात म्हणून बघितलं नाहीत. आणि धड सुट्टीवरही नव्हतात.

अकराची चुकली, तीनची होडी मिळाली. मी तुमच्याशेजारी बसले होते. वाट बघत होते. मला वाटलं, आता सांगतील. एवढ्यात वर सांगून आलेत, तोंडाशीच असेल. तुम्ही नावाड्याला विचारलंत की ही साखळी कशानं गुंडाळता. मग मीच विषय काढला. तुम्हाला आठवत नसेल. मी म्हटलं, "अहो, ती विमा कंपनीची लिफ्ट, तिला नक्की काय झालं होतं हो तेव्हा?"

तुम्ही म्हणालात, "शाफ्ट."

बस. एवढंच बोललात आणि पाण्याकडे बघत बसलात.

मी रागावले ती तिथे. तो राग आहे असंही नाही. रागाला काय, तो चार दिवसांत उतरतो. घरी आल्यावर मी सात महिने वाट बघितली. सकाळी चहा ठेवताना, जेवताना, तुम्ही पेपर वाचत असताना. वाटायचं, आत्ता पेपर बाजूला ठेवतील आणि म्हणतील, "अगं, एक गंमत सांगायची राहिली." तुम्ही विचारायचात, "किल्ल्या कुठे आहेत?" मिस्त्रींशी बोलणारा तो माणूस माझ्या घरात राहतो, माझ्या समोर बसून जेवतो, आणि माझ्याशी बोलत नाही. त्याची किती आठवण येते मला! तुम्ही समोर असतानाच जास्त यायची. लेकीनं बोलावलं तेव्हा आले, कारण इथे तुम्ही नाही तर निदान आठवण यायला कारण तरी आहे.

आता एकतीस तारखेनंतर तुम्ही घरी बसणार. गच्च्यांवरच्या मशीनच्या खोल्या संपल्या, मिस्त्री संपले. मग तो आवाज कुठे जाणार? तुमच्याबरोबर तो घरी येणार असेल तर मी यायला तयार आहे, आजच्या आज. पण "किल्ल्या कुठे आहेत" म्हणणाऱ्या माणसासमोर चहा ठेवत उरलेली वर्षं काढायची, तर मी इथेच बरी. हे मी भांडून नाही लिहीत. मला खरंच तेवढं बळ राहिलेलं नाही.

कशासाठी रागावलीस, तेवढं कळव, म्हणालात. कळवलं.

फॉर्मच्या मागे उत्तर लिहू नका. खरं म्हणजे लिहूच नका. मला वाचायचं नाहीये, मला ऐकायचंय.

सोळाला निघताना मफलर घ्या. तळ्यावरचा वारा बोचतो, तुम्हाला मागच्या वेळी खोकला झाला होता.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची

* * *

बुधवार, १८ मार्च
सकाळचे पावणेअकरा

अहो,

नमस्कार वगैरे भेटल्यावर करेन. ही चिठ्ठी हॉटेलच्या कागदावर लिहितेय, काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईंनी पेन दिलंय आणि त्या माझ्याकडे टक लावून बघतायत.

रविवारी तुमचा फोन आला, लेकीनं माझ्या हातात दिला. तुम्ही म्हणालात, "मी उद्या निघतोय." मी म्हटलं, "बरं." मग तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी कान देऊन ऐकलं. हातात पाना नव्हता. मागे कुणी माणूस नव्हता. तुम्ही "एक मिनिट" म्हणाला नाहीत. नुसते श्वास घेत होतात. मग म्हणालात, "मी ते... बोलायला... जमत नाही गं मला समोर कुणी असलं की," आणि तरी फोन ठेवला नाहीत. मीही ठेवला नाही. मी आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. एवढा वेळ गप्प राहिलेली आणि तरी न तुटलेली लाइन मी पाहिली नव्हती.

दोन दिवस ते वाक्य डोक्यात घोळत होतं. समोर कुणी असलं की. मग काल भांडी घासताना प्रकाश पडला. मिस्त्री तरी कुठे समोर होते? त्यांचा आवाज मशीनच्या पलीकडून येत होता, तुम्ही दोघं दोन बाजूंनी बोल्ट घट्ट करत होतात. आणि मी विमा कंपनीत होते तेव्हा मीही पाठमोरी बसायची. तुम्ही तीन दिवस माझ्या पाठीशी बोललात! एवढी साधी गोष्ट, आणि मी तीस वर्षं तुमच्या समोर येऊन बसतेय, चहा घेऊन.

लेकीला म्हटलं, मी चालले. तिनं विचारलंसुद्धा नाही कुठे. बॅग आधीच काढून ठेवली होती कार्टीनं. धाकटी एक दिवस माझ्याशिवाय झोपेल, आणि गॅसवाला यायचा तर येवो.

इथे आले तर दारातच पाटी. "लिफ्टची वार्षिक तपासणी चालू. अकरा ते साडेबारा वापर बंद." चष्मेवाल्या बाई म्हणाल्या की तपासनीस साहेब वर आहेत, आणि मॅनेजर आज रजेवर, त्यामुळे साहेबांना बेल तपासायला आत उभं राहणारं माणूस हवंय, मिस्त्री खाली शोधायला आलेत. मी वळून पाहिलं तर तेच, टकले. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "मी उभी राहते. फक्त ही चिठ्ठी आधी साहेबांच्या हातात द्या, आणि त्यांनी वाचल्याशिवाय खटक्याला हात लावू देऊ नका."

तर ऐका. ठेवणीतले कपडे घातलेत, तेच. गुडघा दुखतोय, तरी पाचव्या-सहाव्याच्या मधे थांबायला मला चालेल, मला ती जागा माहीत आहे. खुशाल खटका पाडा. मी बेल तीनदा वाजवेन, दोन गेल्या वर्षीच्या आणि एक राहिलेली. ती ऐकून "चालू" असं वहीत लिहा, नाहीतर तुम्हाला चैन पडायची नाही.

मग मिस्त्रींना चहाला पाठवा. आणि त्या दोराच्या भोकापाशी बसून मला ती गोष्ट सांगा. पहिल्यापासून. खिशातल्या सर्टिफिकेटपासून. मी समोर नसेन, तुम्हाला माझं तोंड दिसणार नाही. मधे बोलणार नाही, हसू आलं तर मात्र आवरणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणे. तुम्ही हवे तितके दिवस लावा.

फक्त या वेळी आधी बघून घ्या. तुमचा नियमच आहे तो. केबिन रिकामी नाहीये.

आत मी आहे.

तुमचीच